जुन्या डॉस खेळांचा न ऐकलेला आवाज

१९९० च्या दशकात जालना, अंबड, परतूर, भोकरदन अशा गावांत ज्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला, त्यांचा अभ्यासक्रम साधारण ठरलेला असे. आधी डॉसच्या कमांड, मग वर्डस्टार, लोटस, आणि पुढे डीबेस किंवा फॉक्सप्रो. तास संपत आला आणि सर दुसऱ्या बॅचकडे वळले, की पडद्यावर हळूच ‘डेव्ह’ किंवा ‘प्रिन्स’ यायचा. घरी कॉम्प्युटर असणारे फार थोडे. त्यामुळे एका यंत्रापुढे एक जण खेळे आणि चार जण मागे उभे राहून पाहत.

ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि तेच खेळ आपल्या मुलांना दाखवू पाहतात. फाइल कुठून तरी मिळते. पण नव्या लॅपटॉपवर तिच्यावर डबल क्लिक केले, की हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असा निरोप येतो. खटपट करून चालवलाच, तर प्रिन्स धावतो, उडी मारतो, तलवार काढतो, पण मुकाच. चित्र जमते आणि आवाज अडतो, असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. कारण आपल्या भागातल्या क्लासांमधल्या बहुतेक यंत्रांत साउंड कार्ड नव्हतेच. हे खेळ आज आवाजासकट चालवले, तर तेव्हाचे परत मिळतेच, शिवाय तेव्हा जे कानावर पडलेच नव्हते तेही मिळते.

एका वेळी एकच सूर

आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. तो कार्यालयीन कामाचे यंत्र म्हणून आला होता. त्यात एक लहानसा स्पीकर होता. चूक झाली तर ‘बीप’ करावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. हा स्पीकर चालवायला इंटेलची ८२५३ ही टायमरची चिप वापरलेली होती. तिला सेकंदाला ११,९३,१८२ ठोके मिळत. प्रोग्रॅमने तिला एक आकडा द्यायचा; ती ठोक्यांच्या संख्येला त्या आकड्याने भागे आणि तेवढ्या कंपनांचा सूर स्पीकरवर वाजे. पेटीवर पांढरी सहा म्हणतात तो सूर हवा असेल, तर सेकंदाला ४४० कंपने लागतात. त्यासाठी टायमरला २७१२ हा आकडा द्यायचा.

या व्यवस्थेत एका वेळी एकच सूर वाजू शकतो आणि त्याला लहान-मोठे करण्याची सोय नाही. सूर एक तर वाजतो, नाही तर बंद असतो. तरीही प्रोग्रॅमरांनी त्यातून बरेच काही काढले. दोन-तीन सूर इतक्या भराभर आलटून पालटून वाजवायचे, की कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटावेत, ही त्यांतली एक युक्ती. विंडमिल सॉफ्टवेअर या कॅनडातल्या कंपनीचा १९८३ चा ‘डिगर’ याच स्पीकरवर अखंड संगीत वाजवत ठेवी. जॉन रोमेरोने लिहिलेला ‘डेंजरस डेव्ह’ डॉसवर आला तोही फक्त हा स्पीकर वापरणारा. म्हणून डेव्हचा आवाज जगभर सगळ्यांनी सारखाच ऐकला. जालन्याच्या क्लासात जो आवाज यायचा, तोच अमेरिकेतही.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे मात्र तसे नव्हते. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये हा खेळ ॲपल-२ या यंत्रासाठी पूर्ण केला आणि १९९० मध्ये तो डॉसवर आला. धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याचे चित्रीकरण करून त्यावरून त्याने प्रिन्सच्या हालचाली काढल्या. खेळाचे संगीत त्याच्या वडिलांचे, फ्रान्सिस मेकनर यांचे. डॉसच्या आवृत्तीत हा खेळ साध्या स्पीकरवरही चाले आणि साउंड कार्ड असेल तर त्यावरही. कार्डावर ते संगीत भरून वाजे आणि तलवारींचा खणखणाट खणखणाटासारखा ऐकू येई. स्पीकरवर मात्र त्याचे फक्त बीप उरत. आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीतला प्रिन्स हा दुसरा.

कॅनडा आणि सिंगापूरहून आलेली कार्डे

खऱ्या आवाजाची सुरुवात ॲडलिबपासून झाली. कॅनडातल्या क्युबेकमध्ये मार्टिन प्रेव्हेल या संगीताच्या माजी प्राध्यापकाने ही कंपनी काढली आणि १९८७ मध्ये तिचे कार्ड आले. त्यावर यामाहाची ओपीएल-२ ही चिप होती आणि ती एका वेळी नऊ आवाज काढू शकत होती. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंपने हलवायची आणि त्यातून वेगवेगळ्या वाद्यांसारखे आवाज घडवायचे, ही तिची पद्धत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी ती शोधली होती आणि यामाहाने तिचे हक्क घेतले होते. ही चिप आवाज साठवून ठेवत नसे, दर वेळी नव्याने घडवत असे. म्हणून त्या काळच्या खेळांच्या संगीताला एक वेगळाच, काचेवर वाजल्यासारखा पोत आहे.

दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर आले. ही कंपनी सिम वाँग हू यांनी १९८१ मध्ये स्थापन केली होती. साउंड ब्लास्टरवर ॲडलिबची चिप तर होतीच, शिवाय रेकॉर्ड केलेला आवाज वाजवण्याची सोयही होती. दार उघडल्याचा, बंदुकीचा, माणसाच्या किंकाळीचा आवाज आता प्रत्यक्ष ऐकू येऊ लागला. १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर १६ आले, आणि पुढे बहुतेक खेळांनी साउंड ब्लास्टर हेच कार्ड गृहीत धरले.

या सगळ्यातला कळीचा मुद्दा असा, की डॉसला आवाजाबद्दल काहीच माहीत नव्हते. फाइल उघडणे, कळफलक वाचणे, मेमरी वाटणे ही कामे डॉस करून देई. आवाजासाठी मात्र प्रत्येक खेळाने स्वतःच कार्डाशी थेट बोलायचे. आज एखाद्या प्रोग्रॅमला आवाज हवा असेल तर तो विंडोजकडे मागतो, आणि आत कोणती चिप आहे याची त्याला फिकीर नसते. डॉसच्या खेळाला ती चिपच हवी असते, आणि तीही ठरलेल्या पत्त्यावर. नव्या कॉम्प्युटरवर खेळ मुका होतो याचे मूळ इथे आहे.

ए२२० आय७ डी१

त्या काळी ज्याने साउंड कार्ड बसवले असेल, त्याला पुढची ओळ आठवत असेल: ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय७ डी१ एच५ टी६’. डॉस सुरू होतानाच ही ओळ वाचली जाई आणि कार्ड कुठे आहे ते खेळाला तिच्यातून कळे.

‘ए२२०’ हा कार्डाचा पत्ता. खेळाने आपले आदेश या क्रमांकाच्या पोर्टवर पाठवायचे. ‘डी१’ म्हणजे डीएमएची वाट, मेमरीतला आवाज प्रोसेसरला न अडवता कार्डापर्यंत नेणारी. ‘आय७’ म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याची वाट, इंटरप्ट. ‘एच५’ ही सोळा बिटांच्या आवाजासाठीची वेगळी डीएमए वाट आणि ‘टी६’ म्हणजे हे कार्ड साउंड ब्लास्टर १६ आहे, एवढी नोंद.

या वाटा एकत्र कशा चालतात, ते पंगतीवरून चटकन कळेल. कार्ड जेवायला बसले आहे आणि डीएमए त्याच्या पानात आवाजाचे घास वाढतो आहे. पान रिकामे होत आले, की कार्ड ‘वाढा’ म्हणून हाक देते; तो इंटरप्ट. हाक ऐकून खेळ पुढचा वाढा तयार ठेवतो. आता कार्ड एका वाटेवर हाक देत असेल आणि खेळ दुसऱ्याच वाटेकडे कान लावून बसला असेल, तर पहिला घास संपला की सगळे थांबते. म्हणूनच आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला, किंवा पहिल्या आवाजालाच खेळ गोठला, तर दोष बहुधा इंटरप्टच्या आकड्यात असतो, म्हणून जाणकार आधी तोच तपासून पाहतात.

ॲडलिब सापडण्याची रीतही मोठी लक्षवेधी आहे. खेळ ३८८ या पोर्टवर चिपला तिचा स्वतःचा टायमर सुरू करायला सांगतो. मग किमान ८० मायक्रोसेकंद थांबतो आणि टायमर संपला का ते वाचतो. संपला असेल तर कार्ड आहे, नसेल तर नाही. गोम आहे ती थांबण्यात. बरेच खेळ थांबण्यासाठी घड्याळ पाहत नसत. ठरावीक वेळा एकच कृती करत राहत आणि तेवढ्यात वेळ गेला असे मानत. जुन्या प्रोसेसरवर ते बरोबर ठरे. प्रोसेसर कैक पटींनी वेगवान झाला, की त्या कृती ८० मायक्रोसेकंदांच्या आतच उरकतात. टायमर अजून चालूच असतो आणि खेळ ठरवतो, की कार्डच नाही. कार्ड शाबूत, तारा शाबूत, तरी खेळ मुका.

नव्या यंत्रात काय काय गेले

वेगाची अडचण आवाजापुरती नव्हती. पहिल्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. त्याच्या वेगावर बेतलेले खेळ पुढच्या यंत्रांवर इतके सुसाट पळत, की हाताला काही गवसत नसे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम तर वेगवान पेंटियमवर सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडत. प्रोसेसरचा वेग मोजताना येणारा आकडा ठरलेल्या जागेत मावत नसे, हे त्याचे कारण.

दुसरी गोष्ट गेली ती आयएसए स्लॉट. जुनी साउंड कार्डे या लांब काळ्या खाचांत बसत. शतक बदलले तशा त्या मदरबोर्डवरून नाहीशा झाल्या. आजच्या लॅपटॉपमध्ये आवाजाची चिप बोर्डावरच असते आणि तिची भाषा अगदी निराळी. २२० या पत्त्यावर आता कोणीही राहत नाही.

तिसरी गोष्ट प्रोसेसरच्या आतली. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा एक भाग होता. तो प्रोसेसरच्या एका खास अवस्थेवर अवलंबून होता. विंडोज एक्सपीत तो साउंड ब्लास्टरची थोडीफार नक्कलही करत असे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये प्रोसेसर ज्या पद्धतीने चालतो, तिच्यात ही अवस्था उपलब्धच नाही, म्हणून तो भाग काढून टाकला गेला. विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच मिळते. म्हणजे नव्या लॅपटॉपवर डॉसचा खेळ थेट चालण्याची शक्यता आता उरलेली नाही.

डॉसबॉक्स: यंत्राच्या आत दुसरे यंत्र

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे डॉसबॉक्स. पीटर वीन्स्ट्रा आणि श्यूर्द फान डेर बर्ग या दोन डच प्रोग्रॅमरांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर २००२ पासून मोफत उपलब्ध आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. ते जुना खेळ बदलत नाही. खेळाला हवे असलेले अख्खे यंत्रच ते सॉफ्टवेअरमध्ये उभे करते: जुना प्रोसेसर, जुने चित्र-कार्ड, टायमर, स्पीकर, ॲडलिबची चिप, साउंड ब्लास्टर. खेळ २२० या पत्त्यावर आदेश पाठवतो, डॉसबॉक्स तो मध्येच घेते, कार्डाने जे केले असते ते गणिताने करते आणि तयार झालेला आवाज विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हवाली करते.

वापर अवघड नाही. समजा, सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचा फोल्डर केला आणि त्यात खेळाचा फोल्डर ठेवला. डॉसबॉक्स उघडल्यावर ‘माउंट सी सी:\गेम्स’ अशी कमांड इंग्रजी अक्षरांत द्यायची. मग ‘सी:’ टाइप करून एंटर. त्यानंतर ‘सीडी’ वापरून खेळाच्या फोल्डरमध्ये जायचे आणि खेळाचे नाव लिहायचे. क्लासात शिकलेल्या कमांड इथे जशाच्या तशा उपयोगी पडतात.

आवाजाच्या निवडीचा प्रश्न आला, तर खेळाच्या फोल्डरमध्ये बहुधा ‘सेटअप’ किंवा ‘साउंड’ नावाची फाइल असते. ती चालवून साउंड ब्लास्टर निवडावे आणि पत्ता २२०, इंटरप्ट ७, डीएमए १ असे आकडे द्यावेत. डॉसबॉक्स ०.७४ चे मूळचे आकडे हेच आहेत. अनेक खेळ सेटअपमध्ये इंटरप्ट ५ धरून चालतात, कारण साउंड ब्लास्टर १६ विकत घेतल्यावर त्यावर तोच ठरलेला असे. तिथे ७ करावे आणि पुढे जावे. ‘डूम’सारख्या खेळात संगीतासाठी आणि बाकीच्या आवाजांसाठी कार्ड वेगवेगळे निवडता येते. संगीत वाजते आणि गोळीचा आवाज येत नाही, असे झाले तर दुसरी निवड राहिली आहे हे ओळखावे. ‘वोल्फेनस्टाइन ३डी’ सुरू होतानाच ॲडलिब आणि साउंड ब्लास्टर सापडले का ते पडद्यावर दाखवतो. काय सापडले आणि काय नाही, हे तपासायला तो फार सोयीचा.

आवाज खरखरतो किंवा तुटतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. याचे कारण बहुतेक वेळा वेग. डॉसबॉक्समध्ये ‘सायकल्स’ नावाचा आकडा असतो. नकली प्रोसेसरने दर मिलिसेकंदाला साधारण किती सूचना पार पाडायच्या, ते त्यावर ठरते. जुन्या खेळांसाठी सुरुवात ३००० पासून होते. कंट्रोल आणि एफ१२ दाबले की वेग वाढतो, कंट्रोल आणि एफ११ ने कमी होतो. तुमच्या लॅपटॉपला झेपत नाही इतका वेग मागितला, तर डॉसबॉक्स मागे पडते आणि आवाज फाटतो. तेव्हा वेग वाढवायचा मोह आवरून तो उतरवत न्यावा. तरीही खरखर राहिली, तर डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मिक्सरच्या भागातले ‘प्रीबफर’ वाढवावे. आवाज किंचित उशिरा येईल, पण सलग येईल.

डेव्ह किंवा डिगर मुका असेल, तर साउंड ब्लास्टरचे आकडे बदलून काहीही साधणार नाही, कारण हे खेळ कार्डाकडे पाहतच नाहीत. तिथे सेटिंगच्या फाइलमध्ये ‘पीसीस्पीकर=ट्रू’ आहे ना, एवढे पाहावे.

याच फाइलमध्ये एक फार सुंदर सोय दडलेली आहे. ‘एसबीटाइप’ आणि ‘ओपीएलमोड’ या दोन्हींपुढे ‘नन’ लिहिले, की साउंड ब्लास्टर आणि ॲडलिब दोन्ही नाहीसे होतात आणि उरतो तो साधा स्पीकर. प्रिन्स तसा चालवून पाहा; क्लासातला ओळखीचा प्रिन्स समोर येईल. मग दोन्ही परत सुरू करा आणि तोच खेळ पुन्हा लावा. आपण वर्षानुवर्षे ज्याला प्रिन्सचा आवाज म्हणत आलो, तो खेळाचा एक अंश होता, हे अर्ध्या मिनिटात कानाला कळते. मुलांना हा फरक ऐकवावा. यंत्र आणि प्रोग्रॅम यांचे नाते समजावण्याचा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

ज्यांना नकली यंत्र नको, खरा डॉसच हवा, त्यांच्यासाठीही आता वाट आहे. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला फ्रीडॉस मोफत मिळतो. कॉम्प्युटर सुरू करण्याची यूईएफआय ही नवी पद्धत येण्याआधीच्या पद्धतीने सुरू होऊ शकणाऱ्या यंत्रावर तो बसवता येतो. त्यावर ‘एसबीईएमयू’ नावाचा अलीकडचा प्रोग्रॅम चालवला, की खेळाने २२० वर पाठवलेले आदेश तो पकडतो आणि बोर्डावरच्या नव्या चिपमधून आवाज काढतो. याला मेहनत जास्त लागते, आणि प्रत्येक चिपवर तो चालेलच असे नाही. घरी खेळायला डॉसबॉक्स पुरेसे आहे.

खेळ वाचले, आपले काम राहिले

खेळ कुठून घ्यायचे, याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. खेळ जुना झाला किंवा दुकानात मिळेनासा झाला, म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीचाच दर्जा आहे आणि त्याची मुदत काही दशकांची आहे. वोल्फेनस्टाइन आणि डूम यांचे पहिले भाग शेअरवेअर म्हणून वाटण्यासाठीच काढले होते. सुरुवात त्यांपासून करावी. डिगर अँड्र्यू जेनर यांनी नव्या यंत्रांसाठी नव्याने बांधून खुला ठेवला आहे. जीओजीसारखी दुकाने जुने खेळ डॉसबॉक्ससकट विकतात. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ मध्ये डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले, आणि त्यांच्या आतही डॉसबॉक्सच चालते.

जालन्यात भंगाराला मोल आहे. इथल्या भट्ट्यांत देशभरातले भंगार वितळते आणि त्याची सळई होते. लोखंड असे दुसरा जन्म घेते. जुन्या कॉम्प्युटरबरोबर फ्लॉपीचा डबाही भंगारवाल्याकडे गेला, तर त्यातल्या मजकुराला मात्र दुसरा जन्म नाही. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारे यूएसबी ड्राइव्ह आजही मिळतात. सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी जुने ड्राइव्हच लागते आणि तशी चालू ड्राइव्हे दर वर्षी कमी होत आहेत. घरात, दुकानात, बंद पडलेल्या क्लासच्या कपाटात असा डबा सापडला, तर आधी त्याची नक्कल करून घ्यावी. यंत्राचे काय करायचे ते नंतर ठरवावे.

त्या डब्यात खेळांपेक्षा मोलाचे काही असू शकते. त्याच काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड होते. ते कॉम्प्युटरमध्ये बसवले, की डॉसच्या प्रोग्रॅमांत देवनागरी लिहिता-वाचता येई. साउंड ब्लास्टरशिवाय खेळ मुका, तसाच जिस्ट कार्डाशिवाय तो मराठी मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग. डॉसबॉक्स साउंड ब्लास्टर उभे करते. जिस्ट कार्ड उभे करत नाही. प्रिन्स आणि डूम वाचले, कारण जगभरातल्या हजारो लोकांना ते आवडत होते आणि त्यांनी आपला वेळ देऊन ती कार्डे बिटागणिक समजून घेतली. मराठीतल्या पहिल्या पिढीच्या संगणक-मजकुरासाठी तेवढी माणसे अजून उभी राहिलेली नाहीत. यातली एक बाजू सोपी आहे. जिस्टची अक्षरे इस्की या प्रमाणित संकेतात साठवली जात, आणि तो संकेत १९९१ च्या भारतीय मानकात छापलेला आहे. त्यामुळे अशी फाइल हाती आली, तर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे कॉलेजातल्या एखाद्या हुशार मुलीला किंवा मुलाला जमण्यासारखे आहे.

म्हणून जालन्यातल्या, आणि एकूणच मराठवाड्यातल्या, कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांनी डॉसबॉक्सकडे करमणूक म्हणून जरूर यावे, पण तिथे थांबू नये. पत्ता, इंटरप्ट, डीएमए, टायमर हे सगळे प्रिन्सला आवाज देताना हाताखालून जाते आणि कायमचे समजते. हे समजलेली दहा-वीस मुले जिल्ह्यात तयार झाली, तर जुन्या फ्लॉप्यांवर अडकलेली आपल्याच गावांची पत्रे, याद्या, कविता आणि हिशेब वाचणारे कोणी तरी असेल. हे काम परदेशातून कोणी येऊन करून देणार नाही. ते मराठी वाचता येणाऱ्यांनीच करायचे आहे, आणि फ्लॉप्या वाचता येत आहेत तोवरच करायचे आहे.